हात झाकलेली गवळण

खांबेटेकाका माहितीयत ना तुम्हाला, कमलाकर खांबेटे, ओलायातल्या त्या दूध कंपनीचे ॲडमिन मॅनेजर? कंपनीच्या गायी सगळ्या अल खर्जला, मोठाल्या शेडखाली, पंख्यांच्या वाऱ्यात, आणि काका इकडे रियाधला अकराव्या मजल्यावर, एसीत. इतकी वर्षं या देशात काढून काकांनी दोन गोष्टी कमावल्या, नाशिकला गंगापूर रोडवर एक फ्लॅट आणि भीती. फ्लॅट भाड्याने दिलाय. भीती स्वतः वापरतात.

आणि ती साधीसुधी भीती नाही, कसब आहे ते. पूर्वी बाहेरून आलेल्या मासिकांत बायकांच्या दंडावर, गळ्यावर काळी शाई फासलेली असायची ना, तर काका त्याच्याही पुढचे. जे सरकारच्या नजरेतून सुटायचं ते काका घरी बसून पूर्ण करायचे. खिशात कायम काळा मार्कर. चित्राकाकूंच्या शाम्पूच्या बाटलीवर एक बाई केस उडवत हसत असायची, तिला काकांनी असं काही रंगवलं की बाटलीवर नुसते केसच उडताना दिसायचे. नाशिकहून कॅलेंडर यायचं, त्यातले देव काढून फक्त तारखा भिंतीवर लागायच्या. आणि गणपती? गणपती बेडरूमच्या कपाटात, एका बाजूला रजया, दुसऱ्या बाजूला सामानाच्या बॅगा, मध्ये बाप्पा. आरती चालू असताना बेल वाजली की कपाटाचं दार बंद, आरती जिथल्या तिथे थांबलेली, काका जाऊन पिझ्झा घेऊन येणार, पिझ्झा ओट्यावर ठेवणार, दार उघडणार, आणि अर्ध्या ओळीवरून आरती पुढे चालू. काकू म्हणायच्या, देवाला आता बेल वाजली की आपणहून डोळे मिटायची सवय लागली असेल.

आता बाहेर काय काय बदललंय ते तुम्ही बघताच आहात. बायका गाड्या चालवतायत, थिएटरं उघडली, गाण्यांचे कार्यक्रम होतात, आणि आपल्या मराठी मंडळातल्या अर्ध्या लोकांनी घरातला गणपती हॉलमध्ये आणून बसवला. काकूंनी दर वर्षी विचारायचं आणि काकांनी दर वर्षी तेच सांगायचं की हे सगळं टेस्टिंग चाललंय, कोण कोण उघडं पडतं ते वरून बघतायत.

तर अशा काकांची साठी भरत आली. आणि कंपनीत साठीला खलास, गाशा गुंडाळा. पण डिपार्टमेंटच्या हेडने सही केली तर एक वर्ष वाढवून मिळतं. काकांना ते वर्ष हवं होतं, आणि पैशासाठी नाही हं, पैसा आहे. काकांना हवा होता तो लिफ्टपाशी उभा राहणारा गार्ड, जो रोज उठून त्यांना सलाम करतो. नाशिकला कोण सलाम करणार? सोसायटीच्या वॉचमनला तर काका त्या फ्लॅटचे मालक आहेत हेही माहिती नाही, तो भाडेकरूला साहेब म्हणतो.

आणि सही कोणाची? नौफ मॅडमची. तिशीतली सौदी मुलगी, नवीनच हेड म्हणून आलेली, पायात पांढरे स्पोर्ट शूज, अबाया, तो काळा पायघोळ झगा, पुढून उघडा, कानात इयरफोन, आणि चालणं असं की मागून फाइल घेऊन जाणारा माणूस पळतच असतो. काकांना ती ‘मिस्टर कमाल’ म्हणायची. काकांच्या मते त्यातसुद्धा काहीतरी होतं.

एका रविवारी मॅडमनी काकांना बोलावलं. झालं होतं असं की कंपनी अल खर्जला नवी यंत्रं घेणार होती, दूध काढणारे रोबोट, म्हणजे गाय स्वतः चालत येते आणि यंत्र तिचं दूध काढतं, माणूस लागतच नाही. ती यंत्रं बनवणाऱ्या हॉलंडच्या कंपनीने भेट म्हणून एक पेटी पाठवली होती. पेटीत चित्रं. तिकडची साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली असतात ना, तसली, अर्थात आता जाड कागदावर नव्याने छापलेली. राजा नाही, राणी नाही, लढाई नाही. सगळी कामाची माणसं. लोहार, पाववाला, चांभार, सुऱ्यांना धार लावणारा, मासे साफ करणारी बाई, सूत कातणारी म्हातारी, दूध काढणारी गवळण. तिकडच्या लोकांना म्हणे तेव्हा रोजची कामं बघायला आवडायची, भिंतीवर टांगायचे विकत घेऊन. तर मॅडम म्हणाल्या, गुरुवारी हॉलंडची माणसं सही करायला येतायत, त्याच्या आधी ही लिफ्टसमोरच्या कॉरिडॉरमध्ये लावून टाका. आणि काका विचारायला लागले की मॅडम, लावायची म्हणजे कशी, तर मॅडम इयरफोन कानात घालता घालता म्हणाल्या, “फक्त लावा, मिस्टर कमाल.”

फक्त लावा.

दुसरा कोणी असता तर सुताराला बोलावून खिळे मारले असते. पण काका जागेवर जाऊन बसले आणि त्यांना घाम फुटला. कारण काकांचा इतक्या वर्षांचा अनुभव काय सांगतो? मोठा माणूस ‘हे करू नका’ म्हणाला तर ती सूचना असते, आणि ‘काहीही करा’ म्हणाला तर ती परीक्षा असते. वाढीव वर्षाच्या सहीच्या आधीच हे काम आपल्याकडे का आलं? आपल्याला अजून कळतं का, हेच बघायला.

पेटी त्यांनी दार लावून उघडली. आणि मग एकेक चित्र बघत गेले आणि एकेका चित्राला खाली बसत गेले. लोहाराच्या शर्टाची बटणं उघडी. चांभाराच्या मागे त्याची बायको मुलाला पाजतेय. भाजीबाजारात पुढे बायका कोबी विकतायत आणि मागे एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून उभा आहे, आणि तो भिंत बघत नाहीये. काम संपवून गुत्त्यात बसलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात हा एवढा मग. एका चित्रात तर घराच्या दारात शिडीला सोललेलं डुक्कर उलटं टांगलंय आणि बाजूला पोरं त्याच्या मूत्राशयाचा फुगा करून फुगवतायत, आनंदात. आणि गवळण. गवळण तशी चांगली अंगभर कपड्यातली, डोक्याला फडकं, खाली मान, पण बाह्या कोपराच्या वर सरकवलेल्या आणि हात असे धष्टपुष्ट, उघडे, आणि बरोबर चित्राच्या मध्यभागी.

घरी येऊन काकांनी काकूंना मोबाइलवर फोटो दाखवले. काकूंनी सगळे बघितले आणि म्हणाल्या, किती कामाची माणसं आहेत हो. काका म्हणाले, अगं तू हात बघ. काकू म्हणाल्या, हातच बघतेय, माझ्या आत्याचे असे होते, भाकऱ्या थापून. मग काकांनी तो मागचा म्हातारा दाखवला. काकूंनी चष्मा वर करून बघितलं. “अहो, एवढ्या बाजारात हा मला दिसलाच नव्हता. तुम्हाला बरोबर सापडतो.”

मार्कर काढायचा मोह काकांना झाला, खोटं कशाला सांगू. पण आता काका मॅनेजर आहेत, जमाना क्लासचा आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी पेटी गाडीत घालून काका बत्ह्याला गेले, नसरुद्दीनभाईंकडे.

नसरुद्दीनभाई म्हणजे हर्णैचे. बत्ह्यात पैसे पाठवायच्या दुकानांच्या गल्लीत त्यांचं फ्रेमचं दुकान, एका बाजूला केरळी हॉटेल, दुसऱ्या बाजूला बॅगा, आणि दुकानात मक्का-मदिनेपासून लोकांच्या मुलांच्या दहावीच्या सर्टिफिकेटापर्यंत सगळं काचेत. काकांची आणि त्यांची ओळख जुनी. ऑफिसातली प्रत्येक फ्रेम तिथूनच. भाईंनी चित्रं टेबलावर पसरली आणि खूश झाले. मासेवाली बघून तर म्हणाले, ही आमच्या बंदरावरची आहे, ही मला ओळखते, हिने माझ्या आईला एकदा शिळी सुरमई दिली होती.

काकांनी दाराकडे बघून हळू आवाजात योजना सांगितली. चित्राभोवती पांढरा पुठ्ठा लावतात ना, मध्ये खिडकी कापलेला? तसाच पुठ्ठा, पण खिडकीच्या आतही जिथे जिथे नको तिथे तुकडा. म्हणजे चित्र खराब नाही, शाई नाही, बघणाऱ्याला वाटेल डिझाइनच आहे.

भाईंनी डुकरावर एक चौकोन ठेवला. एवढं एक ठीक, ते म्हणाले, इथे ते कोणालाच नको. पण डुक्कर गेल्यावर झालं काय की एक माणूस सुरा घेऊन पांढऱ्या चौकोनाकडे निघालाय, बायको पातेलं धरून वाट बघतेय, आणि पोरं फुगा फुगवतायत. भाई म्हणाले, साहेब, आता तर खून वाटतो, आणि घरात वाढदिवस. काका म्हणाले चालेल. मग गुत्त्यातले मग झाकले, तर सगळे जण मुठीत काहीच नसताना जोरात हसतायत. म्हाताऱ्याची फक्त टोपी राहिली. चांभाराची बायको गेली, बाळासकट. लोहाराच्या छातीवर असा तुकडा बसला की तो हॉटेलात जेवायला आल्यासारखा दिसायला लागला, ॲप्रन लावून.

एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण काकांचा हात बसला होता. मासेवालीचे हात कोपरापर्यंत गेले. मग म्हणे, तिचे झाकले आणि सूत कातणारीचे ठेवले तर विचारतील हिचे का ठेवले. तिचेही गेले. शेवटी गवळण आली आणि नसरुद्दीनभाईंनी कात्री खाली ठेवली.

“हिचं काय झाकायचं?”

“हात.”

“मग दूध कोण काढणार?”

“ते गाय बघेल. तुम्ही कापा.”

भाई खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, साहेब, तुम्ही रोज ज्या रस्त्याने येता तिथे सिग्नलला शेजारच्या गाडीत स्टिअरिंगवर कोणाचे हात असतात, ते कधी बघता का? काका म्हणाले, बघत नाही, म्हणूनच टिकलो. भाईंनी कापलं. गिऱ्हाईक आहे.

बुधवारी संध्याकाळी चित्रं लागली. आणि लावून झाल्यावर काकांनी प्रत्येकावर हिरवा कपडा टाकला, उद्घाटनासाठी म्हणून. झाकलेल्यालाही झाकलं.

गुरुवारी हॉलंडची मंडळी आली. त्यांचा मुख्य वाउटर नावाचा, इतका उंच की लिफ्टमधून वाकून बाहेर आला. नौफ मॅडम बरोबर, फोटोग्राफर, एचआरमधली आपली शिवांगी, सगळे. काकांनी सुटाच्या आत बहुतेक दोन बनियन घातले होते, घाम दिसू नये म्हणून. मॅडमनी मान हलवली, काकांनी कपडे ओढले.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला.

कारण तुम्ही डोळ्यांसमोर आणा ना. मासे स्वतःच स्वतःला साफ करतायत. चरखा एकटाच फिरतोय, सूत निघतंय. बाई आहे, पण दंडापाशी संपलीय, पुढे पांढरं. आणि मध्यभागी ती गाय शांत उभी, खाली बादली, बादलीत दुधाची धार पडतेय, आणि धार येतेय ती एका पांढऱ्या चौकोनातून. नौफ मॅडम त्याच्यासमोर थांबल्या. इयरफोन काढून खिशात ठेवला. काकांनी ओळखलं, गेली सही. गार्ड गेला, सलाम गेला, आता सोसायटीचा तो वॉचमन.

आणि तेवढ्यात वाउटर म्हणाला, “ब्रिलियंट.”

तो त्या गवळणीपाशी वाकला, नाक जवळजवळ काचेला लावलं, आणि मग मागे वळून आपल्या माणसांना सांगायला लागला की बघा, आम्ही इतकी वर्षं आमचं यंत्र काय आहे हे सांगायला माहितीपत्रकं छापतोय, आणि यांनी एका पुठ्ठ्यात सांगितलं. दूध आहे, हात नाहीत. काम आहे, कामगार नाही. आमचीच जुनी चित्रं घेऊन आम्हालाच उत्तर दिलं. हे कोणाचं डोकं? आता नौफ मॅडमनी काकांकडे बघितलं. एक क्षणभर बघितलं, खालपासून वरपर्यंत. आणि हसल्या. म्हणाल्या, आमच्या मिस्टर कमालचं.

काका काय म्हणाले असतील? माणूस सांगतो ना की नाही हो, मी तर घाबरून झाकलं? काकांनी टाय सरळ केला आणि म्हणाले, कन्सेप्ट माझीच.

पुढचा आठवडा काका जमिनीवर नव्हते. मंडळाच्या जेवणात मसालेभाताच्या रांगेत उभं राहून त्यांनी प्रत्येकाला समजावलं की कलेत काय दाखवायचं यापेक्षा काय नाही दाखवायचं हे महत्त्वाचं. शिवांगीने कंपनीच्या मासिकासाठी मुलाखत घेतली तर काकांनी तिला हॉलंडचा अख्खा इतिहास सांगितला, जो त्यांनी आदल्या दिवशी फोनवर वाचला होता. विचारलं की प्रेरणा कुठून मिळाली, तर म्हणाले, आतून. काकूंनी फक्त एवढंच विचारलं की मग आता आपण कोणाला घाबरत नसू तर गणपती हॉलमध्ये आणू का. काका म्हणाले, आधी सही होऊ दे.

मग मॅडमनी बोलावलं. काका नवीन शर्ट घालून गेले. मॅडमनी खजूर पुढे केले, स्वतःच्या हाताने गहवा, म्हणजे ती अरबी कॉफी, ओतला, आणि काकांना वाटलं, झालं काम. मॅडम बोलायला लागल्या की मिस्टर कमाल, तुमच्या त्या भिंतीने माझा विचारच बदलला. मी रोज लिफ्टमधून उतरते, ती गवळण बघते आणि वाटतं, खरंच, कुठे कुठे आपण उगाच हात ठेवलेत? इकाम्याचं, राहायच्या परवान्याचं काम आता ॲपवर होतं. गेटपास ॲपवर. गाड्यांचं बुकिंग ॲपवर. तर ॲडमिन डिपार्टमेंट मी बंद करतेय. तुमच्याइतकं स्पष्ट मला कोणी दाखवलं नव्हतं, हातांशिवाय चालतं.

काकांच्या तोंडात खजुराची बी होती. ती थुंकायची कुठे ते कळेना, म्हणून गालात धरून बसले.

आपण असतो तर तिथेच उठलो असतो. पण काकांनी शेवटचा प्रयत्न केला. म्हणाले, मॅडम, खरं सांगू का, ते मी यंत्रासाठी केलंच नव्हतं. आदरासाठी केलं होतं. तुमच्या संस्कृतीच्या.

“मला माहितीय,” नौफ मॅडम म्हणाल्या. “तुम्ही कपडा ओढला तेव्हाच कळलं. मिस्टर कमाल, माझी आजी अल खर्जला शेळ्यांचं दूध काढायची. बाह्या वर करून, दारात बसून, अख्ख्या गावासमोर. तिचे हात त्या बाईसारखेच होते. ते झाकायला तिला कधी कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत.”

आणि हे सगळं शांतपणे, गहवा परत भरत. त्यापेक्षा मॅडमनी चार कडक शब्द सुनावले असते तरी बरं झालं असतं.

निरोप समारंभ झाला, केक कापला, केकवर गाय. मासिकही आलं. मधल्या पानावर उद्घाटनाचा मोठा फोटो, वाउटर, मॅडम, मागे चित्रं, आणि फोटोच्या डाव्या बाजूला मजकुरासाठी एक पांढरा चौकोन टाकलेला, ‘हातांशिवाय काम: एक नवी दृष्टी’. तो चौकोन नेमका काकांवर. चौकोनाच्या कडेतून फक्त एक हात बाहेर आलाय, हिरवा कपडा धरलेला. शिवांगीने दहा वेळा सॉरी म्हटलं, म्हणाली, डिझाइन बाहेरून करून घेतलं, त्यांना वाटलं तिथे महत्त्वाचं काही नाहीये.

भेट म्हणून कंपनीने काकांना गवळणच दिली, फ्रेमसकट. काका ती घेऊन बत्ह्याला गेले आणि नसरुद्दीनभाईंच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, पुठ्ठा काढा. भाईंना टोमणे मारायचे होते, तयारच असतील त्यांच्याकडे, पण काकांचा चेहरा बघून त्यांनी ते चहाबरोबर गिळले. मागचे खिळे उचकटले, काच काढली, आतला तुकडा काढला, आणि गवळणीला हात परत आले. दोघं जण कितीतरी वेळ बघत राहिले. बोटांवर, मनगटावर, कातडीवर रेघ न् रेघ कोरलेली होती, गायीपेक्षा, बादलीपेक्षा, तिच्या तोंडापेक्षासुद्धा जास्त मेहनत त्या कोरणाऱ्याने त्या हातांवर घेतली होती. काका म्हणाले, हे मी नीट बघितलंच नव्हतं. भाई म्हणाले, बघितलं होतंत, म्हणून तर झाकलंत.

आता काकूंचा धीर बघा. सामान बांधायला जेमतेम महिना राहिलेला, तर काकूंनी कपाट रिकामं केलं, गणपती हॉलमध्ये टेबलावर आणून बसवला, खाली चांगली पैठणीची घडी, आणि समोरच्या भिंतीवर, टीव्हीच्या शेजारी, गवळण. काकांनी अडवलं नाही. आता कोणाची सही राहिलीय?

पण सवय हो. शुक्रवारी दुपारी बेल वाजली आणि काका ताडकन उठले. आधी बेडरूममध्ये पळाले, तिथे कपाट उघडं, रिकामं. तिथून हॉलमध्ये आले, देवाकडे बघितलं, तर देवापुढे काकू हात जोडून बसलेल्या, हलायला तयार नाहीत. मग काकांना काय सुचलं कोण जाणे, ते जाऊन त्या चित्रासमोर उभे राहिले, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून. दार काकूंनीच उघडलं. बाहेर नसरुद्दीनभाई, घरून केलेल्या बिर्याणीचा डबा घेऊन, निरोपाला आलेले.

भाईंनी चपला काढल्या, गणपती बघितला, डबा टेबलावर ठेवला, आणि मग भिंतीला चिकटलेल्या काकांकडे वळले.

“सरका साहेब,” ते म्हणाले. “तिचं काम चाललंय.”